बॅरलला काय मानवतं? पेलेट आणि पॉइंट २२ ची काडतुसं निवडण्याची पद्धत

दिवाळीच्या सुट्टीत विट्याकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्या सांगलीच्या दहा मीटर रेंजवर आले होते. मुलाला एअर रायफल शिकायची होती. फॉर्म भरून झाल्यावर वडिलांनी हळूच विचारलं, "सर, आमच्या आज्याची बाराबोर घरात आहे. शिकारीला कुठली काडतुसं चांगली? आणि रिकामी झालेली घरी भरता येतात का? मोबाइलवर बघितलं, बाहेरच्या देशातली लोकं टेबलावर बसून भरतात."

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकावा लागतो, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटवला आहे. चांदोली, कोयना, सागरेश्वर ही जंगलं तर संरक्षित आहेतच, पण शाळू-मक्यात घुसणारं रानडुक्करही वनखात्याच्या लेखी आदेशाशिवाय मारता येत नाही. पिकाच्या राखणीसाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. आजोबा गेले असतील आणि परवाना कुणाच्या नावावर झाला नसेल, तर ती बंदूक घरात ठेवू नका. उशीर न करता पोलीस ठाण्यात जमा करा आणि मग वारसाच्या परवान्यासाठी अर्ज करा.

काडतूस घरी भरण्याचंही तेच. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची कैद आहे. आपल्या भागात ठासणीच्या बंदुकीत बार भरणारी जुनी माणसं होती. त्यांच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण त्यातल्या कितीजणांची बोटं आणि डोळे गेले तेही त्याच घरांत विचारा.

तरी त्या गृहस्थांच्या प्रश्नात एक गोष्ट खरी होती. बाहेरचा नेमबाज काडतूस घरी का भरतो? प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच हवं, आणि ते त्याच्या स्वतःच्या रायफलला मानवणारं हवं, म्हणून. पितळी नळकांडं, टोपी, दारू आणि गोळी या चार गोष्टी तो आपल्या बॅरलप्रमाणे जुळवतो. आपल्याला जुळवता येत नाही, पण निवडता येतं. कायद्याने खुल्या असलेल्या पेलेटमधून (एअर रायफलच्या शिशाच्या गोळ्या) आणि परवान्यावर मिळणाऱ्या पॉइंट २२ च्या राउंडमधून (५.६ मिलिमीटरची काडतुसं) आपल्या बॅरलला, म्हणजे नळीला, मानवणारा लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल, शोधून काढणं हे आपल्या हातात आहे. साताऱ्या-सांगलीतली बरीच मुलं हे काम करतच नाहीत. दुकानात जो डबा मिळेल तो घेतात आणि नऊ-पाच, नऊ-सहा (९.५, ९.६) गुण लागले की स्वतःला दोष देत बसतात.

आधी हिशोब: किती बारीक फरकाने गुण जातो

दहा मीटरच्या रायफल टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट ४.५ मिलिमीटरचं. पेलेटची कड त्या ठिपक्याला टेकली तरी दहा धरतात. म्हणजे पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. पुढे दशांशात मोजलं तर प्रत्येक ०.१ गुणाला ०.२५ मिलिमीटर. १०.९ हवा असेल तर केंद्र पाव मिलिमीटरच्या आत पडायला हवं.

आता समजा, रायफल शिकंज्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, घट्ट पकडून दहा पेलेट मारली आणि सगळी मिळून पडलेल्या भोकाची बाहेरची रुंदी ५.५ मिलिमीटर आली. त्यातून पेलेटची जाडी ४.५ वजा केली, राहिला १ मिलिमीटर. म्हणजे रायफल आणि पेलेट मिळून तुमचे जास्तीत जास्त दोन-तीन दशांश खातात. पण तीच रुंदी ८ मिलिमीटर आली, तर केंद्रांमधलं अंतर साडेतीन मिलिमीटर झालं. तुम्ही श्वास, ट्रिगर, तोल सगळं तंतोतंत सांभाळलं तरी एखादा शॉट १०.२ किंवा १०.३ लाच जाऊन बसेल. साठ शॉटच्या मॅचमध्ये शॉटमागे सरासरी दीड-दोन दशांश गेले तरी नऊ ते बारा गुण जातात. निवड चाचणीत यादी याच्यापेक्षा कमी फरकाने लागते.

पन्नास मीटरवर गणित तेच, माप वेगळं. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची, म्हणून केंद्र ८ मिलिमीटरच्या आत हवं, आणि दशांशाला ०.८ मिलिमीटर. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मी ही आकडेमोड एकदा वहीत करून घेतो.

डबा वाचायला शिका

दहा मीटरच्या पेलेटचा आकार डमरूसारखा असतो: पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. सपाट डोक्यामुळे कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं. टोकदार किंवा गोल डोक्याची पेलेट स्वस्त मिळतात, पण ती कागद फाडतात आणि गुण मोजताना भांडणं होतात. ती टार्गेटसाठी घेऊच नका.

डब्यावर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला वजनाचा. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅम म्हणजे ८.२ ग्रेनच्या आसपासची पेलेट, पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.४९ ग्रॅमची. पिस्तुलाची हलकी पेलेट रायफलमध्ये चालत नाहीत असं नाही. काही बॅरलना तीच आवडतात, त्यामुळे चाचणीत एक हलका डबाही ठेवावा. दुसरा आकडा डोक्याच्या व्यासाचा: ४.४९, ४.५०, ४.५१ असा. हा मिलिमीटरचा शंभरावा भाग डोळ्यांना दिसत नाही, बॅरलला मात्र कळतो. घट्ट बॅरलमध्ये ४.५१ घातलं तर डोकं दाबलं जातं, सैल बॅरलमध्ये ४.४९ घातलं तर बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा ते नीट धरत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे लॉट नंबर. तो बहुतेक वेळा चिकटपट्टीवर किंवा डब्याच्या मागे असतो. कंपनी तीच, नाव तेच, वजन तेच, पण लॉट वेगळा असेल तर ती वेगळी पेलेट समजायची. साचा झिजतो, बदलतो, शिशाची भट्टी वेगळी असते. एका लॉटने सोन्यासारखा ग्रुप (एका टार्गेटवर मारलेल्या शॉटचा पुंजका; जितका लहान तितका चांगला) दिला म्हणून पुढचा लॉट देईलच असं नाही. चाचणीच्या वहीत लॉट नंबर लिहिला नसेल तर ती चाचणी फुकट गेली.

आपल्याकडे मॅचसाठी मिळणारी नावं ठरलेली आहेत. जर्मनीची आरडब्ल्यूएस आर-१० मॅच आणि एच अँड एन फिनाले मॅच, चेक प्रजासत्ताकाची जेएसबी मॅच. यातलं सर्वांत चांगलं कोणतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसतं. तुमच्या बॅरलचं उत्तर असतं, आणि ते मारून बघितल्याशिवाय मिळत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका मोठ्या नेमबाजाच्या पेटीत एक महागडं पेलेट दिसलं, म्हणून पुण्याहून त्याचे दहा डबे एकदम आणले. माझ्या विद्यार्थिनीच्या रायफलमधून ते साडेसात मिलिमीटरच्या खाली येईना. ती मुलगी तासगावजवळच्या गावातून रोज एसटीने यायची. दोन महिने मी तिच्या खांद्याची उंची, हातपट्टा, गालाची टेक बदलत राहिलो, आणि ती बिचारी प्रत्येक बदल मान खाली घालून करत राहिली. शेवटी एका संध्याकाळी रायफल शिकंज्यात लावली आणि कपाटातला अर्धा संपलेला, स्वस्तातला डबा मारून पाहिला. पावणेसहा. तिचं काहीच चुकत नव्हतं. त्या दिवसापासून रेंजवर नियम आहे: मुलाला दोष देण्याआधी रायफल शिकंज्यात.

चाचणीची तयारी

शिकंजा म्हणजे फार मोठं यंत्र नव्हे. लोखंडी टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेला, रबर लावलेला वाइस पुरतो. रायफलच्या स्टॉकवर नव्हे, शक्य असेल तर लाकूड काढून धातूच्या भागावर पकड घ्या, आणि बॅरलला पकड लावू नका. वाइस नसेल तर जाड टेबल आणि दोन वाळूच्या पिशव्या. जुन्या जीन्सच्या पायात चाळलेली कोरडी वाळू भरून दोन्ही टोकं शिवली की झाली पिशवी. एक पुढे, एक मागे. पिशवीवर माणसाचा थोडा दोष मिसळतो, म्हणून त्यावरचा निकाल शिकंज्यापेक्षा थोडा मोठा येणार हे धरून चाला.

मग रायफल तपासा. स्टॉकचे बोल्ट ढिले आहेत का? नेम धरायची मागची साइट हलते का? टॉर्क पाना असेल तर कंपनीने सांगितलेल्या मापाला बोल्ट आवळा. ढिल्या बोल्टवर केलेली चाचणी तुम्हाला आठवडाभर चुकीच्या वाटेने नेते.

रायफलचा हवेचा सिलिंडर पूर्ण भरलेला असावा. बहुतेक मॅच रायफलचा सिलिंडर २०० बारचा असतो. दर शॉटला सारखीच हवा सोडणारा रेग्युलेटर असल्याने दाब उतरला तरी वेग बराच काळ एकसारखा राहतो, पण चाचणीत ती परीक्षा बघू नका. काटा १०० च्या जवळ आला की भरा. सिलिंडरवर छापलेली तारीखही याच वेळी वाचा. हे सिलिंडर साधारण दहा वर्षांच्या मुदतीचे असतात, आणि मुदत संपलेला २०० बारचा सिलिंडर लहान मुलाच्या चेहऱ्याजवळच असतो हे विसरू नका. जुनी रायफल घेताना ही तारीख आधी बघा, किंमत नंतर विचारा.

बॅरल चाचणीआधी एकदा साफ करा: फेल्टच्या तीन-चार गोळ्या, मागून पुढे. एअर रायफलमध्ये फार रासायनिक तेलं ओतायची नाहीत.

चाचणी

चार प्रकारांपेक्षा जास्त एका दिवशी घेऊ नका. माणूस थकतो आणि वहीत चुका होतात.

नवीन पेलेट सुरू करताना पहिली दहा-पंधरा मारून टाका, ती मोजायची नाहीत. आधीच्या पेलेटचा शिशाचा थर बॅरलमध्ये असतो, नव्याचा बसायला थोडे शॉट लागतात. त्यानंतर दहा शॉटचा एक ग्रुप. प्रत्येक प्रकाराचे असे तीन ग्रुप, पण सलग नव्हे. पहिल्याचा एक, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा, चौथ्याचा, मग पुन्हा पहिल्याचा. दर वेळी बदलताना पाच-सात शॉट बसवणीचे. यात वेळ जातो, पेलेट जातात, तरी असंच करा. सलग तीन ग्रुप मारले आणि नेमक्या त्याच वेळी टेबल सरकलं किंवा दाब उतरला, तर एका चांगल्या पेलेटवर अन्याय होतो.

पाच शॉटच्या एका ग्रुपवर कधीच निर्णय घेऊ नका. पाच शॉट नशिबानेही एका भोकात जातात. तो कागद खिशात घालून मित्रांना दाखवत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत. मॅचच्या दिवशी तो कागद कामाला येत नाही.

प्रत्येक पेलेट भरण्याआधी घेर बघा. डबा प्रवासात आपटला असेल तर घेराची कड चेपलेली असते. असं एक पेलेट ग्रुपमध्ये गेलं की सगळा निकाल बिघडतो. ते बाजूला काढा, सरावालाही नको. मी मुलांना एक साधी युक्ती शिकवतो: काचेच्या तुकड्याला किंचित उतार देऊन पेलेट घरंगळू द्यायचं. डोकं आणि घेर यांचा व्यास सारखा नसल्याने ते सरळ न जाता वळण घेतं. चांगली पेलेट एकामागून एक त्याच वळणाने जातात. चेपलेलं मध्येच अडखळतं किंवा वेगळीच वाट धरतं. काचेवर कान देऊन ऐकलं तर त्याचा आवाजही तुटक येतो.

वजन करून निवडायचं का, हे पालक हमखास विचारतात. मिलिग्रॅमचा काटा आता स्वस्तात मिळतो. माझं मत असं की मॅचच्या दर्जाच्या पेलेटमध्ये वजनाचा फरक आधीच इतका कमी असतो की रात्र जागून पाचशे पेलेट तोलण्यापेक्षा त्या वेळात ड्राय फायरिंग (पेलेट न भरता नेम आणि ट्रिगरचा सराव) केलेलं बरं. घेर तपासा, वजन सोडा. स्वस्त पेलेट वापरायचीच वेळ आली तर मात्र तोलण्याने फरक पडतो.

मोजणी आणि निर्णय

मोजायला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी सरकपट्टी, हवा. भोकांच्या बाहेरच्या कडा, जिथे ग्रुप सर्वांत रुंद आहे तिथे. कागदाच्या लोंबणाऱ्या धाग्यावर व्हर्नियर दाबू नका, शिशाची काळी रेघ जिथे संपते ती कड धरा. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि भोकांच्या कडा विस्कटतात, म्हणून जून ते सप्टेंबर कागद बंद डब्यात ठेवून मगच वापरा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर हा त्रास नाही, प्रत्येक शॉटची जागा छापून मिळते.

वहीतलं एक पान सांगतो. तीन पेलेट, नावं सोडून देतो. पहिल्याचे ग्रुप ६.९, ६.४ आणि ७.३. दुसऱ्याचे ५.८, ६.०, ५.७. तिसऱ्याचे ५.४, ७.६, ५.९. सर्वांत लहान ग्रुप तिसऱ्याचा, ५.४. मुलगा म्हणाला, हेच घेऊ. मी दुसरं घ्यायला लावलं. सरासरी ५.८ आणि तिन्ही ग्रुप एकमेकांना धरून. तिसऱ्यातला तो ७.६ चा ग्रुप मॅचमध्ये नेमका कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. आपल्याला रोज एकसारखं वागणारं पेलेट हवं.

ठरलं की त्या लॉटचे परवडतील तेवढे डबे लगेच घ्या. हिशोब सोपा आहे. रोज साठ शॉट, आठवड्यातून चार दिवस, वर्षातले ४८ आठवडे धरले तर साडेअकरा हजार पेलेट. ५०० च्या डब्याचे २३ डबे. इतकी ऐपत प्रत्येक घराची नसते. जतहून, आटपाडीहून येणाऱ्या मुलांच्या घरी ऊसबिल किंवा डाळिंबाचे पैसे आले की मग खरेदी होते, हे मला माहीत आहे. त्यांनी निवडलेल्या लॉटचे चार-पाच डबे मॅच आणि तिच्या आधीच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवावेत आणि बाकी सराव त्याच वजनाच्या स्वस्त पेलेटवर करावा. वजन तेच ठेवलं तर शॉटची जागा फार सरकत नाही. मॅचच्या आदल्या दिवशी वजन बदलू नये. हलकं पेलेट बॅरलमधून लवकर सुटतं, वेगळ्या जागी पडतं, आणि मुलाचा आत्मविश्वास जातो. तीन-चार मुलांनी मिळून एकच लॉट घेतला तर विक्रेता भावही बरा देतो, फक्त चौघांच्याही रायफलवर आधी चाचणी करा.

एअर रायफल पॉइंट १७७ ची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची, असेल आणि ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफल ०.५३ ग्रॅमचं पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सोडते, म्हणजे साडेसात-आठ जूल. विक्रेत्याला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, तो द्या आणि पावती सांभाळा. प्रवासात पोलिसांनी विचारलं तर तीच दाखवायची.

पॉइंट २२ कडे वळताना

पन्नास मीटरची वाट कोल्हापूरने आपल्याला दाखवली. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून नेम) जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम) ब्राँझ आणलं. आपल्याच नद्यांच्या खोऱ्यातली माणसं. त्यानंतर आमच्याकडे पॉइंट २२ विचारणारी मुलं वाढली. पण इथे परवाना लागतो, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, आणि सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करायचा, मग पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजला जावं लागलं तरी. राउंड परवान्यावर नोंद होऊन मिळतात. किती घेतले, किती मारले, किती उरले हे स्वतःच्या वहीतही लिहा. नोंद आणि डब्यातले राउंड जुळले नाहीत तर अडचण तुमचीच.

पॉइंट २२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस आहे. टोपी वेगळी नसते, पेटणारं मिश्रण नळकांड्याच्या पातळ कडेतच भरलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कड चेपते. म्हणून हे काडतूस एकदाच वापरायचं. परदेशातले हौशी लोकही ते पुन्हा भरत नाहीत. ऑलिंपिकमध्ये उतरणारा नेमबाजही कारखान्यातला राउंडच मारतो, त्याचीही निवड लॉटवरच होते. बर्मिंगहॅमला इलेची आणि जर्मनीतल्या शोनेबेकला लापुआची चाचणी रेंज आहे. तिथे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात लावून एकामागून एक लॉट मारले जातात आणि चांगला निघालेला लॉट नेमबाज तिथल्या तिथे घेऊन टाकतो. आपण रेंजवर करतो ते हेच काम, फक्त लहान प्रमाणावर.

राउंड निवडताना पहिली गोष्ट वेगाची. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.५९ ग्रॅमची. मॅच राउंडचा वेग सेकंदाला ३२० ते ३३० मीटर असतो, मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेला राउंड ३८० च्या आसपास सुटतो आणि ५० मीटरच्या वाटेतच आवाजाच्या वेगाजवळ उतरतो. त्या टप्प्यावर गोळी डळमळते. एवढंच नाही, आडव्या वाऱ्यात हा वेगवान राउंड मॅच राउंडपेक्षा जास्त वाहतो. नव्या माणसाला हे पटत नाही, त्याला वाटतं जास्त वेग म्हणजे वारा कमी लागणार. पण गोळी वाऱ्यात किती वाहणार हे ती वाटेत किती वेग गमावते यावर ठरतं, आणि आवाजाच्या वेगाजवळ ती सर्वांत जास्त गमावते. मॅच राउंडसुद्धा ताशी १५-१६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ५० मीटरवर जवळपास इंचभर सरकतो. म्हणजे दहातून थेट सात-आठमध्ये.

म्हणून चाचणी वारा उठण्याआधी, सकाळी सात ते नऊमध्ये उरका. सांगलीत मार्चनंतर दहा वाजले की जमीन तापते आणि साइटमधून टार्गेट लहरताना दिसतं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या आसपास तर वाऱ्याचा भरवसाच नाही.

इले टेनेक्स, लापुआ मिडास प्लस आणि सेंटर-एक्स, आरडब्ल्यूएस आर-५०, आणि खालच्या किमतीत एसके स्टँडर्ड प्लस ही जगभरच्या रेंजवरची नावं. इलेच्या खोक्यावर लॉट नंबरबरोबर त्या लॉटचा वेगही छापतात, तोही वहीत घ्या. आपल्या खडकीच्या कारखान्यातले राउंड नवशिक्याच्या सरावाला उपयोगी पडतात. पन्नासच्या एका खोक्यात दहाचे तीन ग्रुप आणि वीस बसवणीचे असा बरोबर हिशोब बसतो.

बसवणीचे वीस शॉट इथे फार महत्त्वाचे. पॉइंट २२ च्या गोळीवर मेणचट थर असतो आणि प्रत्येक कंपनीचा तो वेगळा. पहिल्याचा थर बॅरलमधून जाऊन दुसऱ्याचा बसेपर्यंत ग्रुप विखुरतो. तो थर फडक्याने पुसू नका. एका मुलाने राउंड चिकट लागतात म्हणून सगळं खोकं पुसून आणलं होतं, ते मोजणीसाठी बादच करावं लागलं.

मोजताना बाहेरच्या रुंदीतून ५.६ वजा. शिकंज्यातून तिन्ही ग्रुपची बाहेरची रुंदी १६-१७ मिलिमीटरच्या आत येत असेल तर तो लॉट घेऊन टाका. २१ च्या पुढे गेला तर रायफल स्वतःच तुम्हाला दहाच्या बाहेर काढते आहे.

राउंड पेटला नाही तर

ट्रिगर दाबला, 'टक्' झालं आणि काहीच नाही. बोल्ट उघडायचा नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून हात वर करा, निदान ३० सेकंद थांबा, मग रेंज ऑफिसरसमोर बोल्ट उघडा. कधी कधी मिश्रण उशिरा पेटतं.

दुसरी, याहून वाईट गोष्ट: आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि टार्गेटवर भोक नाही. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. पुढचा राउंड घातला तर बॅरल फुगेल किंवा फुटेल. थांबा, रायफल रिकामी करा आणि मागून साफसफाईची काठी घालून बॅरल मोकळं आहे याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नका. न पेटलेले राउंड खिशात घालून घरी न्यायचे नाहीत, ते रेंजच्या ठरलेल्या डब्यात जातात आणि त्यांचीही नोंद होते.

साठवण आणि शिसं

शिशाला दमट हवा मानवत नाही. महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यातल्या मुलांच्या डब्यांत ऑगस्टपर्यंत पेलेटवर पांढरी भुकटी धरलेली मी पाहिली आहे. अशी पेलेट मॅचला मारू नका. डबा घट्ट झाकणाच्या मोठ्या बरणीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. राउंड कुलुपाच्या कपाटात, रायफलपासून वेगळे. उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत तासभरही ठेवू नका. तापलेला राउंड वेगळ्या वेगाने सुटतो आणि शॉट वर-खाली पडतात.

आणि हात. शिसं पोटात गेलं की वाढत्या मुलाच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि रेंजवर येणारी निम्मी मुलं चौदाच्या आतली असतात. पेलेट ओठात धरून रायफल भरायची सवय दिसली की त्याच क्षणी थांबवा. रेंजवर डबा खायचा नाही, पाण्याची बाटली झाकण लावून बाहेर ठेवायची. सराव संपला की साबणाने हात आणि तोंड धुतल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. टार्गेटमागची पेटी कोरड्या केरसुणीने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, पेटीतलं शिसं बंद डब्यात साठवा आणि भंगारवाल्याला शिसं म्हणूनच द्या.

पॉइंट २२ चं बॅरल दर दीडशे-दोनशे राउंडनंतर साफ करावं. मागच्या बाजूने, काठी सरळ ठेवणारी बोअर गाइडची नळी लावून, काठी नळीच्या तोंडावर घासणार नाही अशी. राउंड जिथे बसतो त्याच्या लगेच पुढे शिसं आणि कोळशाचं कडं धरतं, तिथे ब्रशचे चार हात जास्त मारा. साफ केल्यानंतर पहिले दहा-पंधरा शॉट पुन्हा विखुरणार, म्हणून मॅचच्या सकाळी सफाई करायची नाही. दोन दिवस आधी करून वीसेक राउंड मारून ठेवायचे.

चाचणीची वही वर्षभर चालू ठेवा. प्रत्येक पानावर तारीख, सकाळ की दुपार, रायफलचा नंबर, पेलेट किंवा राउंडचं नाव, वजन, डोक्याचं माप, लॉट, तिन्ही ग्रुप आणि त्यांची सरासरी. राखून ठेवलेल्या लॉटचे दोन डबे उरले की नव्या लॉटची चाचणी सुरू करा, शेवटचा डबा फोडेपर्यंत थांबू नका. विट्याच्या त्या मुलाची रायफल जानेवारीत आली. पहिल्या रविवारी आम्ही त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर चार पेलेट लिहिली आणि ४.५० डोक्याचं एक निवडलं. त्या दिवशी व्हर्नियर वडिलांनीच धरला होता.